टॅक्सीवरचा खटला

२०२१ सालच्या मार्च महिन्याच्या उत्तरार्धात नागपूर शहर टाळेबंदीत होते. १५ तारखेपासून आठवडाभरापुरता म्हणून निघालेला हुकूम पुढे काही सवलती देऊन महिनाअखेरपर्यंत वाढविण्यात आला होता, होळी तोंडावर आली होती, आणि ज्यांच्या घरी आजाराने पाऊल टाकले नव्हते अशा भाग्यवंतांपाशी सक्तीची फुरसत तेवढी उदंड होती. नेमक्या त्याच दिवसांत, २६ तारखेस, डिस्ने प्लस हॉटस्टारने ‘ओके कॉम्प्युटर’ ही सहा भागांची हिंदी मालिका प्रेक्षकांपुढे ठेवली. विज्ञानकथा, विनोद आणि गंभीर नाट्य यांचा असा त्रिवेणी प्रयोग आपल्याकडील पडद्यावर दुर्मीळच; तेव्हा घरात अडकलेल्या नागपूरकराने तो पाहिला असल्यास नवल नाही. नवल आहे ते त्याने दिलेल्या अभिप्रायाचे, आणि त्याहूनही अधिक, तो अभिप्राय पुढील चार वर्षांत ज्या रीतीने पालटला त्याचे.

कथा अशी : साल २०३१. चालकाविना धावणारी एक टॅक्सी, तिच्या यंत्रणेत कोणी अज्ञात इसमाने शिरकाव केल्यामुळे, एका माणसाचा जीव घेते. तपास येतो साजन कुंडू या सायबर पोलीस अधिकाऱ्याकडे, ज्याला यंत्रमात्राचा मनस्वी तिटकारा आहे. आणि त्याच्या सोबतीस येते लक्ष्मी सुरी, जी रोबोंना नीतीने वागविले जावे म्हणून स्थापन झालेल्या संस्थेची कार्यकर्ती असून जिची यंत्रांवर अढळ श्रद्धा आहे. संशयाची सुई ‘अजीब’ नावाच्या एका बुद्धिमान यंत्रमानवाकडे वळते. मध्येच यंत्रयुगाचा संपूर्ण त्याग करून वनवासी वृत्ती पत्करलेल्या ‘जिज्ञासू जागृती मंच’ या पंथाचा अधिपती पुष्पक शकूर अवतरतो, आणि त्याच्या अंगावरील वस्त्रांचे प्रमाण त्याच्या तत्त्वज्ञानाशी सुसंगत असे अल्प असते. कुंडू, लक्ष्मी आणि शकूर यांच्या भूमिका अनुक्रमे विजय वर्मा, राधिका आपटे आणि जॅकी श्रॉफ यांनी केल्या आहेत. आपल्या ओळखीचे सारंग साठ्येही मालिकेत आहेत. दिग्दर्शन पूजा शेट्टी आणि नील पागेदार यांचे, निर्मिती आनंद गांधी यांची. हे तेच गांधी, ज्यांचा ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटाच्या घडणीत मोठा वाटा होता. आणि ‘तुंबाड’चे बीज नारायण धारपांच्या भयकथेत होते हे दिवाळी अंकांवर पोसलेल्या वाचकास सांगावयास नको.

वृत्तपत्रीय समीक्षकांत या मालिकेविषयी दोन तट पडले. एका पक्षाने तिच्या धाडसाचे आणि विक्षिप्त कल्पकतेचे कौतुक केले. दुसऱ्यास ती स्वतःच्याच चातुर्यावर लुब्ध झालेली, पसरट आणि कंटाळवाणी वाटली. हे झाले छापील मत. घरगुती मताचे दफ्तर मात्र कोणत्याही कचेरीत ठेवले जात नाही. ते सकाळच्या फिरण्यात, लग्नाच्या पंगतीत आणि तर्रीपोह्याच्या ठेल्यापाशी ऐकून घ्यावे लागते. तसे ते मी त्या काळी आणि पुढेही हौसेने ऐकत आलो. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याची तक्रार टॅक्सी आपोआप कशी धावते याविषयी नव्हतीच. अवघ्या दहा वर्षांनंतरच्या पोलीस चौकीला असला चमत्कारिक अवतार कोठून आला, आणि हवालदाराच्या टेबलावरच्या फायली कोठे गेल्या, हा त्याचा सवाल होता. धरमपेठेतील एका गृहिणीला हसावयाचे केव्हा आणि गंभीर व्हावयाचे केव्हा याचा उलगडा झाला नाही, म्हणून तिने दुसऱ्या भागातच रजा घेतली. तिचा महाविद्यालयीन मुलगा मात्र सहाही भाग एका बैठकीत पाहून उठला. पण बहुसंख्यांचा निवाडा खास आमच्या नागपुरी मराठीत एकाच वाक्याचा होता : काय चालून राहिलं, समजूनच नाही राहिलं.

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे, कारण ते शब्दशः खरे असू शकत नाही. जो प्रेक्षक दैनंदिन मालिकांतील पुनर्जन्म, स्मृतिभ्रंश, जुळ्या बहिणी आणि मृत्यूनंतर नव्या चेहऱ्याने परतणारे नायक यांचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवतो, त्याला एका टॅक्सीने केलेल्या खुनाचा तपास कळू नये इतका तो मतिमंद खचितच नाही. विज्ञानाचेही त्याला वावडे नाही. मग त्याला समजले नाही ते काय? माझ्या मते, त्याला हसण्यासाठी पाय रोवावयास जागा मिळाली नाही. विनोद हा परिचिताचा आश्रित आहे. ज्याची रीत आपल्याला ठाऊक आहे त्याचीच विपरीत अवस्था पाहून आपण हसतो. जेथे जगच नवे, संस्था नव्या, बोलण्याची ढब नवी, तेथे विपरीत काय आणि सरळ काय हेच कळत नाही, आणि मग प्रेक्षक भिडेपोटी आपल्या आकलनाला दोष देऊन मोकळा होतो.

मराठी विनोदाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म १८७१ मध्ये याच नागपुरात झाला, आणि हा गृहस्थ केवळ विनोदकार व नाटककार नव्हता, तर ज्योतिर्गणिताचा गाढा अभ्यासक होता. आकाशस्थ गोलांच्या गतीचे गणित मांडणारी आणि सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या या त्रिकुटाच्या फजितीचे वर्णन करणारी लेखणी एकच होती. असे असूनही ‘सुदाम्याचे पोहे’ मध्ये कोल्हटकरांनी हसावयास निवडले ते ग्रहगोल नव्हेत. त्यांनी निवडले सण, संस्कार, जावई, प्रवास, संस्थांच्या सभा, म्हणजे ज्यांचे विधी वाचकाच्या घरात दरसाल घडत असत अशा गोष्टी. या वकील गणितज्ञाला विनोदाचे कार्यक्षेत्र कोठवर हे पक्के ठाऊक होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, आणि तिच्याबरोबर जे बडगे निघतात त्यांतही हाच न्याय दिसतो : महागाई, भ्रष्टाचार, नुकताच गाजलेला एखादा पुढारी, असे ज्याचे तोंड गर्दीतल्या पोरासोरालाही ओळखू येते त्याचाच पुतळा बडगा होतो. अनोळखी माणसाचा बडगा कोणी काढीत नाही. काढला तर त्यामागे कोणी ओरडणार नाही.

दूरचित्रवाणीच्या इतिहासाकडे वळले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सेमिनरी हिल्सवरील मनोरा उभा राहिल्यावर नागपूरच्या घराघरांत जे चित्र आले त्यात हिंदीचा वाटा मोठा होता, आणि आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेल्या या द्विभाषिक शहराला ते परके वाटले नाही. १९८४ च्या ‘हम लोग’पासून प्रेक्षकांची पत्रे हा एक स्वतंत्र व्यवहार झाला, त्या मालिकेस आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांवर गेली आणि परदेशी संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. पुढे सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ने तर टपालखात्यासच जेरीस आणले. मुंबई दूरदर्शनवर आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने गावोगाव प्रेक्षकांची मंडळे उभारली ती याच्याही पूर्वीची. ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानविषयक कार्यक्रमात गिरीश कार्नाड सूत्रसंचालन करीत आणि प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देत. आकाश निळे का दिसते इथपासून विश्वाच्या आरंभाअगोदर काय होते इथपर्यंत काहीही विचारण्याची मुभा असे, आणि प्रा. यशपाल ज्या गांभीर्याने पहिल्या प्रश्नास उत्तर देत त्याच गांभीर्याने दुसऱ्यास. प्रेक्षक विज्ञानाविषयी उदासीन होता असे म्हणणाऱ्याने ते भाग पाहावेत. फक्त एवढेच, की विज्ञानाचे पत्र तो एका टेबलावर लिही आणि विनोदाची दाद दुसऱ्या खोलीत देई.

त्या काळातील विज्ञानमालिकांनीही या दोन खोल्यांमधील भिंत पाडली नाही. अमेरिकेची ‘स्टार ट्रेक’ दूरदर्शनवर दिसली. ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ आली, जिच्यात मुले घरच्या घरी संगणक जुळवतात. १९९८ मध्ये केतन मेहतांच्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये मिलिंद सोमण अंतराळात संचार करते झाले. या मालिका मुलांनी डोळे विस्फारून पाहिल्या आणि वडील मंडळींनी वर्तमानपत्राआडून. त्या काळी लहान असलेले आणि आज पन्नाशीस टेकलेले कित्येक नागपूरकर ‘इंद्रधनुष’चे नाव काढताच सुखावतात, पण त्यातील विनोद कोणता असे विचारले तर गप्प होतात, कारण त्यांच्या आठवणीत राहिले आहे ते आश्चर्य.

मराठीची स्थिती याहून विलक्षण. विज्ञानकथेचे एवढे मोठे भांडार आपल्या दिवाळी अंकांनी जोपासले, ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी अद्भुताची गोडी लावली, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कोणा ना. वि. जगताप यांच्या ‘कृष्णविवर’ कथेस पारितोषिक मिळाले आणि हे जगताप म्हणजे आद्याक्षरे उलटी फिरविलेले जयंत विष्णु नारळीकर निघाले. २०२५ च्या २० मे रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या कथांच्या आठवणी काढणाऱ्यांत शाळकरी वयात ‘यक्षांची देणगी’ वाचलेली एक संबंध पिढी होती. त्याच भाषेतील दूरचित्रवाणीने मात्र या भांडारास क्वचितच हात लावला. याची कारणे खर्चाची असतील, धाडसाची असतील. माझा संशय असा, की सासू-सुनेच्या मालिकेत यंत्र आणावे ही कल्पना सुचण्याइतका आपला विनोद विज्ञानाशी सलगीने वागलाच नव्हता.

हिंदीवाल्यांना ती सुचली. १९८५ साली सुरू झालेली अमेरिकन ‘स्मॉल वंडर’ ही मालिका हिंदी भाषांतरित रूपात आपल्या मुलांनी आधीच आपलीशी केली होती; २००३ मध्ये स्टार प्लसवर तिची देशी बहीण ‘करिश्मा का करिश्मा’ आली. शास्त्रज्ञ बापाने केलेली रोबो मुलगी चारचौघांत सख्खी लेक म्हणून वावरते आणि शेजाऱ्यांपासून हे गुपित राखता राखता घराची तारांबळ उडते, एवढाच तिचा ऐवज. आणि २०१६ च्या फेब्रुवारीत लाइफ ओके वाहिनीवर ‘बहू हमारी रजनीकांत’ सुरू झाली. रिद्धिमा पंडित यांनी साकारलेली रजनी ही शंतनू कांत नामक शास्त्रज्ञाने घडविलेली यंत्रस्त्री. घरची मंडळी तिला त्याची बायको समजतात आणि त्या क्षणापासून ती कांतांची सून. या मालिकेस कलामूल्य फारसे नव्हते आणि तिचा तसा दावाही नसावा. पण तिच्या प्रेक्षकवर्गाची नागपुरातील कैफियत ऐकण्याजोगी आहे. ज्या स्त्रियांनी ‘ओके कॉम्प्युटर’ अर्ध्यावर सोडली, त्यांतील कितीएक रजनीचे पराक्रम आजही हात हलवून सांगतात. माझ्या एका मावशींनी, ज्यांना भ्रमणध्वनी चालू-बंद करण्यापलीकडे यंत्रविद्येची ओढ नव्हती, त्या सुनेविषयी दिलेला अभिप्राय असा होता की, ती सांगितलेले अक्षरशः ऐकते, थकत नाही, उलट बोलत नाही आणि तरीही सासूचे तिच्याशी पटत नाही. मग इतकी वर्षे आमच्याच खोड्या कशाला काढत होते सगळे? विज्ञानकथेवर यापेक्षा मार्मिक टीका मी तरी छापील स्वरूपात वाचलेली नाही. यंत्र येथे घरात आले, आणि घर ओळखीचे असल्यामुळे यंत्राच्या निमित्ताने घर उघडे पडले.

हेच तंत्र याहून कितीतरी मोठ्या सामर्थ्याने ज्याने वापरले तो दिग्दर्शक नागपूरचाच, हा योगायोग मला सुखावतो. राजकुमार हिरानी यांचा जन्म १९६२ सालचा, नागपूरचा. वडिलांची टंकलेखनाची संस्था होती, वाणिज्य शाखेचे शिक्षण येथेच झाले, हौशी रंगभूमीवरची उमेदवारीही येथलीच, आणि मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाचा अभ्यास. त्यांचा २०१४ च्या डिसेंबरातील ‘पीके’ हा मालिका नव्हे, चित्रपट. तरी विज्ञानकथा, विनोद आणि नाट्य यांच्या मिश्रणास इतका अफाट प्रेक्षक भारतात दुसऱ्या कोणत्याच कृतीने मिळवून दिला नसल्यामुळे त्याला वगळून पुढे जाता येत नाही. परग्रहावरचा प्राणी राजस्थानच्या वाळवंटात उतरतो आणि त्याचे यान परत बोलावण्याचे साधन पहिल्याच भेटीत चोरीस जाते. यानाची रचना, त्याच्या ग्रहाचे अंतर, त्याच्या देहाचे रसायन, यांपैकी कशाचीही चौकशी चित्रपट करीत नाही आणि प्रेक्षकही करीत नाही. देवच तुझी वस्तू देईल असे जो तो सांगतो, म्हणून हा प्राणी देवाचा पत्ता शोधत निघतो, आणि शेवटी देव हरवल्याची पत्रके वाटू लागतो. विज्ञान तेथे फक्त एक परका डोळा मिळविण्यापुरते. त्या डोळ्याने पाहावयाचे ते मात्र सर्वस्वी आपले : देऊळ, दानपेटी, नवस, सोवळे. देशात ३०० कोटींपलीकडे गल्ला नेणारा तो पहिला हिंदी चित्रपट ठरला.

त्याचबरोबर त्याच्यावर फिर्यादीही झाल्या. ट्रान्झिस्टरने लज्जारक्षण केलेल्या नायकाच्या भित्तिपत्रकाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांना आवडत नाही त्यांनी पाहू नये, अशा आशयाचा शेरा मारून फेटाळली. प्रदर्शनानंतर निदर्शने झाली, चित्रपटगृहांवर मोर्चे गेले. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेचा हा पैलू विसरून चालत नाही. परिचितावर बेतलेला विनोद जितका खोल हसवितो तितकाच तो दुखवितोही, कारण ज्याचा अपमान झाला असे वाटावे तो हाकेच्या अंतरावर उभा असतो. ‘ओके कॉम्प्युटर’विरुद्ध रोबोंच्या वतीने नागपुरात कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही, आणि यंत्रद्वेष्ट्या पुष्पक शकूरचा अपमान मनास लावून घेईल असा पंथही आपल्याकडे नव्हता. ज्या विनोदाने कोणीच दुखावले जात नाही त्याविषयी मला नेहमीच थोडी शंका वाटत आली आहे.

येथवर पाहता मालिकेची बाजू पुरती लंगडी पडली असे कोणास वाटेल, आणि २०२१ साली मलाही तसेच वाटले असते. परंतु कलाकृती जागच्या जागी राहते आणि जग हलते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि यंत्राशी संभाषण करणे ही गोष्ट वर्षा-दोन वर्षांत शाळेच्या गृहपाठापर्यंत आली. चालकाविना मोटारीचे म्हणाल तर २०२३ च्या डिसेंबरात, नागपूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ‘झीरो माइल संवाद’ या कार्यक्रमात, या शहराचे खासदार आणि देशाचे रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी अशा मोटारी आपण भारतात कदापि येऊ देणार नाही असे निक्षून सांगितले. सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या पोटावर पाय येईल, हे त्यांचे कारण. काय गंमत पाहा! ज्या शहरात २०१७ च्या मे महिन्यात विजेवर धावणाऱ्या टॅक्सींचा पथदर्शी प्रकल्प याच मंत्र्यांच्या उपस्थितीत सुरू झाला, त्याच शहरात चालकरहित टॅक्सीस असा मज्जाव जाहीर झाला. पुष्पक शकूरचे भाषण आणि मंत्रिमहोदयांचे भाषण यांच्या अंतःकरणात काही साम्य आहे असे सुचविण्याचा माझा हेतू नाही, कारण शकूरला निसर्गाची चिंता होती आणि गडकरींना रोजगाराची. पण ज्या प्रेक्षकास मालिकेतला वाद हवेतला वाटला होता, तोच वाद आता त्याच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बसण्याच्या लायकीचा झाला.

मग ‘मार्व्हल’ आले. महाराष्ट्र शासनाने पोलीस कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याकरिता २०२४ साली ही कंपनी स्थापन केली आणि तिचे ठाणे नागपुरात ठेवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या दिवशी, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ एका ट्रकने दुचाकीस ठोकर दिली आणि पतीच्या मागे बसलेली स्त्री मृत्युमुखी पडली. मदतीस कोणी न थांबल्याने त्या दुर्दैवी माणसाने पत्नीचा देह दुचाकीस बांधून गावाची वाट धरल्याचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. ट्रकवर लाल खुणा होत्या, याखेरीज त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. टोलनाक्यांवरील कॅमेऱ्यांचे चित्रण ‘मार्व्हल’च्या यंत्रणेकडून तपासून घेण्यात आले आणि ३६ तासांत, सुमारे ७०० किलोमीटर अंतरावर, ट्रक व चालक दोन्ही सापडले. या घटनेत विनोदाचा लवलेश नाही. परंतु वाहनाने घेतलेला बळी, त्याच्या तपासात यंत्राने दिलेली साक्ष आणि त्या साक्षीवर विसंबून निघालेला पोलीस अधिकारी, हा मजकूर पाहिला म्हणजे साजन कुंडूची चौकी आता २०३१ पर्यंत थांबावयास तयार नाही असेच म्हणावे लागते. कोराडीच्या त्या अभियंत्याने यानंतर ती मालिका पुन्हा काढून पाहिली. चौकीच्या देखाव्याविषयीचा आक्षेप त्याने मागे घेतलेला नाही, पण टॅक्सीच्या जबानीचा प्रसंग आला की तो आता हसतो, आणि पूर्वी आपण का हसलो नाही याचे त्याला नवल वाटते.

धरमपेठेतील गृहिणीने मात्र दुसरी संधी दिली नाही. तिचे म्हणणे असे की, मालिका जर चार वर्षांनी समजणार असेल तर ती चार वर्षांनी काढावयास हवी होती. हे अन्यायाचे असले तरी निरुत्तर करणारे आहे. काळाच्या पुढे असलेल्या कृतीची भलावण करणे समीक्षकाला शोभते, कारण त्याला वेतन मिळते. दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास मोकळा मिळालेल्या बाईने भविष्यकाळावर उसनवारी का करावी? आणि हेही खरे, की मालिकेचा सगळाच दोष काळाच्या माथी मारता येत नाही. पात्रांच्या तोंडी प्रत्येक वाक्यागणिक चमत्कृती घालण्याचा तिला सोस आहे, आणि जेथे राधिका आपटे यांच्या चेहऱ्यावरची यंत्राविषयीची निरागस माया पुरेशी बोलकी आहे तेथेही ती एखादी कोटी कोंबते. कोल्हटकरांनाही हा सोस होता. तेव्हा नागपूरच्या मातीत जन्मलेल्या विनोदाने याबाबत इतरांस फार उपदेश करू नये हेच बरे.

उरला तो मूळ प्रश्न, आणि तो नागपूरसारख्या वकिलांच्या गावात उरल्यावाचून राहिला नसता : टॅक्सीने माणूस मारला तर आरोपी कोण? जगात याचा एक निकाल लागून गेला आहे. २०१८ च्या १८ मार्च रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी येथे, उबर कंपनीच्या चाचणीसाठी निघालेल्या स्वयंचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस धडक दिली. अशा मोटारीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ती पहिली नोंद. कंपनीवर फौजदारी झाली नाही. मोटारीत देखरेखीसाठी बसलेल्या कर्मचारी स्त्रीवर झाली, आणि २०२३ मध्ये तिने सौम्य गुन्ह्याची कबुली दिल्यावर तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली.

हा दाखला मी येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करणाऱ्या काही स्नेह्यांपुढे ठेवला. त्यांतील दिवाणी बाजूचे ज्येष्ठ वकील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस पिकविलेले असल्यामुळे त्यांना यात अडचणच दिसेना : गाडीस चालक असो वा नसो, मालक आहे, विमा आहे, भरपाई त्यांच्याकडून वसूल होईल. फौजदारीवाल्याचे समाधान होईना. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचे भारतीय न्याय संहितेतील १०६ वे कलम लावावयाचे तर निष्काळजी कोणी तरी हवा. आणि यंत्रणेत शिरलेला इसम सापडला तर कलम सरळ खुनाचे, मग टॅक्सी निव्वळ हत्यार. तिसऱ्या, वयाने लहान वकिलाने आठवण दिली की कायदा कंपनीलाही व्यक्ती मानतो, तिला तरी हातपाय कोठे असतात. तेव्हा उद्या टॅक्सीस व्यक्ती मानावयास कोणाची हरकत? त्यावर ज्येष्ठांनी विचारले, समन्स बजावावयास बेलीफ कोणत्या पत्त्यावर जाणार, चार्जिंगच्या खांबापाशी? आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आले की खुनात वापरलेली म्हणून ती टॅक्सी मुद्देमाल आहे आणि खून केला म्हणून आरोपीही आहे. मुद्देमाल मालकास सुपूर्दनाम्यावर परत मिळतो, आरोपी जामिनावर सुटतो. तेव्हा मालकाने अर्ज कोणता करावयाचा, सुपूर्दनाम्याचा की जामिनाचा, आणि दोन्ही मंजूर झाले तर टॅक्सीने दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यावी अशी अट घालता येईल काय, यावर जो हास्यकल्लोळ आणि जी हमरीतुमरी सुरू झाली, ती मी निघालो तेव्हाही चालूच होती.